तडजोडीची भाषा

‘तडजोड’ हा शब्द आपल्या भाषेत मोठा सभ्य मानला जातो. गोंदियाकडे दोन शेजाऱ्यांतील धुऱ्याचा तंटा आपसांत मिटला तर पंचांची वाहवा होते, आणि ती योग्यच होय. परंतु बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपासही जेव्हा हाच शब्द लावला जातो, तेव्हा त्याची सभ्यता पारखून घेणे अवश्य ठरते.

राजस्थानात गंगापूर सिटी येथे 2022 साली एका शिक्षकावर विद्यार्थिनीच्या विनयभंगाचा आरोप आला. पुढे कुटुंबाने मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिले की, फिर्याद गैरसमजाने झाली; आणि तडजोड मान्य करून तेथील उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. तिऱ्हाइतांनी दाद मागितल्यावर 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरविला. असा गुन्हा दोन पक्षांचा खाजगी मामला मानता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

अशा कागदाचे व्याकरण पाहण्याजोगे असते. लिहून देणारे वडीलधारे, घेणारा आरोपी. मुलीस मात्र त्यात स्वतःचे वाक्य नाही. वास्तविक 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने (आदेश 32, नियम 7) साध्या जमिनीच्या दाव्यातही न्यायालयाच्या परवानगीवाचून अज्ञानाच्या वतीने तडजोड करण्यास मनाई केली आहे. धुऱ्यासाठी जी सावधगिरी, ती मुलीच्या अब्रूसाठी नसावी काय?

अमेरिकेत असे दावे दिवाणी न्यायालयांत चालतात. बोस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांताने 2003 साली 552 दावे साडेआठ कोटी डॉलरांस मिटविले. तत्पूर्वीच्या कित्येक तडजोडींत पैशाबरोबर मौनही विकत घेतले गेले होते. म्हणूनच, पीडिताने स्वतः सबळ कारणाने मागितल्यावाचून गुप्ततेची अट घालू नये, असा नियम तेथील बिशपांना 2002 साली करावा लागला.

कागदावर सही करणाऱ्या बापास दोष देणे सोपे आहे. लांबणारा खटला, गावातील कुजबूज आणि रिकामा हात त्यास तेथे आणतात. तथापि 2020 च्या पोक्सो नियमांप्रमाणे, आरोपी सुटला तरीही विशेष न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते, व आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शासनाने ती द्यावयाची असते. तीसाठी मौन गहाण टाकावे लागत नाही. ही गोष्ट घरोघर ठाऊक झाली, तर त्या मुद्रांकाच्या कागदाचा मोह बराच ओसरेल.