उद्धरणसंख्या आणि संशोधनाचा प्रभाव : सुमंत्र घोषाल यांच्या संदर्भात

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक सुमंत्र घोषाल (१९४८–२००४) यांनी ख्रिस्तोफर बार्टलेट यांच्यासमवेत केलेले बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयीचे संशोधन जगभर उद्धृत झाले. मात्र त्यांच्या निधनानंतर, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला लेख अधिक अस्वस्थ करणारा आहे. माणूस स्वार्थीच असतो, असे गृहीत धरणारे सिद्धांत शिकविल्याने विद्यार्थी नैतिक जबाबदारीतून मुक्त होतात, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. हा लेखही विपुल उद्धृत झाला. तथापि ज्यावर त्यांचा रोख होता, तो ‘एजन्सी’ सिद्धांत अभ्यासक्रमात कायम राहिला. घोषाल यांच्याच कसोटीनुसार हे यश अपुरे ठरते. उद्धरणसंख्येत सहमती, खंडन आणि औपचारिक उल्लेख सारखेच मोजले जातात. म्हणून संशोधकाचे मूल्यमापन करताना आकड्यांबरोबरच अध्यापनात काय बदलले, हेही तपासणे अगत्याचे आहे.