‘सैराट झालं जी’ : गाण्यात नसलेली भीती

सिनेमातलं हलकंफुलकं गाणं, त्यावर आपल्या अंकात कशाला लिहायचं, असं काही मित्र म्हणतात. आपल्या पानावर आग पाहिजे म्हणे. दोस्तांनो, आग आपण पुष्कळ लिहिली. पण खालच्या जातीच्या पोरानं एखादी पोरगी आवडली म्हणून नुसतं येडं व्हावं, हा हक्क आपल्या किती कवितांनी मागितला?

नागराज मंजुळे जेऊरचा. इंदापुरातून भीमा ओलांडली की करमाळा, त्याचा मुलूख. ऊस तोच, उजनीचं पाणी तेच. ‘सैराट’ आला २९ एप्रिल २०१६ ला. अजय-अतुलचं हे द्वंद्वगीत अजय गोगावले आणि चेन्नईची चिन्मयी श्रीपाद यांनी गायलं. वाद्यवृंद थेट हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवरचा. तिकडचे वादक व्हायोलिनं ओढतात, आणि ओळीच्या शेपटाला ‘जी’ येतो. हा ‘जी’ कुणाचा? शाहिराच्या मागं उभ्या झीलकऱ्याचा, तमाशाच्या फडाचा. आमच्या बापजाद्यांनी घसा फोडून तो जपला. सगळ्या सिंफनीत मला तोच मोठा वाटतो.

दोन जातींचे दोन गळे एका फडात, हे नवं नाही. पठ्ठे बापूराव जन्मानं कुलकर्णी, पवळा महाराची. लोकांनी त्यांचं गाणं डोक्यावर घेतलं, जात मात्र खाली ठेवली नाही.

एक खटकतं. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोरांना दम देते. ती भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची, नीरेच्या पलीकडची. तिचं बोलणं खडं. गाण्यातला आवाज गोड आहे, पण धुऊन इस्त्री केलेला. पाटलाच्या पोरीचा तोरा त्यात उतरत नाही. अजयचा आवाज मात्र मातीत लोळून आलाय.

आणि भीती? मासेमाराचा परश्या पाटलाच्या पोरीवर जीव टाकतो, गाण्यात भीतीचा एक सूर नाही. करमाळ्याला लागून जामखेड. तिथं खर्ड्यात, २८ एप्रिल २०१४ ला, सतरा वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला टांगलं. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय. साक्षीदार फिरले, २०१७ च्या नोव्हेंबरात आरोपी निर्दोष सुटले. हे माहीत असलेला माणूस असं बिनघोर गाणं सिनेमात घालतो, ते भोळेपणानं नव्हे. चारी गाणी त्यानं मध्यंतराच्या आत संपवलीत. पुढं हैदराबादची झोपडपट्टी, भांडणं, पोटाची मारामार. तिथं एक गाणं नाही. शेवटी तर आवाजच काढून घेतला. लेकराची रक्तानं भरलेली पावलं उमटतात, आणि थेटरात फक्त आपला श्वास ऐकू येतो.

वरातीत डीजेवर लोक याच सिनेमाच्या ‘झिंगाट’वर नाचतात, पाटलाच्याही आणि आमच्याही. नाचणाऱ्यांना पहिला अर्धा सिनेमा पुरतो.