‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि गर्भपाताचा प्रश्न

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. त्यास निमित्त झाला तो सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेचा खटला. अनौरस अर्भकाच्या हत्येबद्दल तिला १८८१ साली फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे अपिलात ती सौम्य झाली. गर्भपातविषयक आजच्या वादात या निबंधाचा आधार घेण्याचा मोह साहजिक आहे. परंतु तो जपूनच घ्यावयास हवा. अर्भकहत्या व गर्भपात ही नीतीच्या दृष्टीने एक नव्हेत, कायद्याच्याही नव्हेत. आणि व्यक्तिगत निवडीची आजची कल्पना ताराबाईंच्या मुखी घालणे हा कालविपर्यास होय.

त्यांचा रोख कृत्याच्या समर्थनापेक्षा दोषाच्या वाटणीवर आहे. विधवेच्या पुनर्विवाहास १८५६ च्या कायद्याने संमती दिली, तरी रूढीने ती दिली नाही. अशा स्थितीत पुरुष नामानिराळा राहतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात स्त्री एकटीच उभी राहते, हे त्यांचे मर्मभेदक निरीक्षण होय.

हा एकटेपणा कायद्यातून अद्याप पुरता गेलेला नाही. १८६० च्या दंडसंहितेने, स्त्रीचा जीव वाचविण्याखेरीज घडविलेला गर्भपात गुन्हा ठरविला आणि खुद्द स्त्रीसही शिक्षेस पात्र केले. १९७१ च्या अधिनियमाने त्यास अपवाद निर्माण केले; मात्र संततिनियमनाचे साधन फसल्याची सबब विवाहितेपुरतीच मान्य केली. २०२१ च्या दुरुस्तीने ही अट काढली, आणि वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुदतीतूनही अविवाहितेस वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. तथापि अनुज्ञा आजही वैद्यकीय मतावर अवलंबून आहे आणि मूळ गुन्हा २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कायम आहे. कायदा देतो ती सूट, हक्क नव्हे.

गर्भाच्या जीविताचा आक्षेप यामुळे निरस्त होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. येथेच निबंधाची मर्यादा दिसते. पुरुष अधिक दोषी, एवढे तुलनेने सिद्ध झाले तरी कृत्याच्या योग्यायोग्यतेचा निर्णय त्यातून निघत नाही. मात्र निर्णय देऊ पाहणाऱ्यावर ती एक अट निश्चित घालते : ज्यास गर्भाच्या वतीने बोलावयाचे आहे, त्याने त्याचा भार वाहणारीच्या वाट्याला येणाऱ्या परिणामांतील आपला हिस्सा प्रथम सांगावा. १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडणाऱ्या फुले दांपत्याने तो कृतीने उचलला होता. त्यांच्याइतके उत्तर देण्याची तयारी नसलेल्यास केवळ न्यायाधीश होण्याचा अधिकार कसा पोहोचतो?