छायाचित्रांतील प्रक्षेप

विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील जातिजमातींचीं छायाचित्रें दोन भागांत, १८६३ व १८६६ सालीं, प्रसिद्ध केलीं. दुसरा भाग महाराष्ट्राचा आहे. ग्रंथ सुंदर व दुर्मिळ, यांत शंका नाहीं. परंतु प्रमाण म्हणून त्याची योग्यता तपासणें अवश्य आहे. पुष्कळ चित्रांत माणसें एका ठिकाणीं टिपून मागील देखावा दुसऱ्याच चित्रांतून घेतला आहे व दोहोंचा सांधा जुळविला आहे. पोथींत मागाहून घुसडलेल्या श्लोकास आपण प्रक्षेप म्हणतों. हाही आमच्या मतें प्रक्षेपच होय. वेष व अलंकार यांविषयीं अशा चित्राची साक्ष घ्यावी, स्थळाविषयीं घेऊं नये. सगळींच जुनीं चित्रें अशीं नव्हेत. १८६६ सालींच फ्रेंच मोहिमेबरोबर अंकोरास गेलेल्या एमिल ग्सेल यानें तेथील मंदिरें जागेवरच टिपलीं. तेथें स्थळाची साक्ष ग्राह्य आहे.

डहाणू-तलासरीकडील वारल्यांचीं किंवा किनाऱ्याचीं जुनीं चित्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांस आमची सूचना इतकीच कीं, माणसांची व देखाव्याची सावली एकाच दिशेस पडते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. नुसत्या मथळ्यावरून गांव ठरवूं नये.