बहीरा-कथेचें प्रामाण्य

इस्लामच्या उदयासंबंधीं लिहितांना कित्येक लेखक बहीरा नामक ख्रिस्ती साधूस ऐतिहासिक पुरुष मानून चालतात. मुसलमान व ख्रिस्ती या परस्परविरोधी परंपरा त्याची साक्ष देतात, एवढेंच त्यांचें प्रमाण. या साक्षी खरोखर दोन आहेत काय, हें आम्हांस पाहावयाचें आहे.

मुसलमानी कथा इब्न इस्हाक (मृत्यु इ. स. ७६७ चे सुमारास) याची असून ती इब्न हिशामच्या संपादनांतून आपणांस मिळते. अबू तालिबाचा काफिला शामदेशांतील बुस्रा येथें उतरला. काफिल्यांतील एका मुलावर मेघानें छाया धरली आहे व वृक्षाच्या फांद्याही त्याच्यावर झुकल्या आहेत, असें बहीरानें पाहिलें. सर्वांस भोजनास बोलाविलें. आणि मुलाच्या खांद्यांमध्यें प्रेषितत्वाची मुद्रा ओळखली. संस्कृतज्ञ वाचकांस येथें बुद्धचरितांतील असित ऋषि आठवेल. तेवढ्या साम्यावरून उसनवारीचा तर्क मात्र आम्ही करणार नाहीं.

या कथेची खरी परीक्षा कोणा युरोपीय पंडितानें प्रथम केली असें नव्हे. तिर्मिझीच्या (मृत्यु इ. स. ८९२) पाठांत अबू बक्रानें मुलाबरोबर बिलालास परत धाडिलें असें आहे. त्यावर दमास्कसच्या झहबीनें (मृत्यु इ. स. १३४८) विचारिलें कीं, अबू बक्र तेव्हां दहा वर्षांचा, आणि बिलाल तर जन्मलाही नव्हता, मग कोणीं कोणास धाडिलें? मेघाची छाया असतां वृक्षाची छाया निराळी कशी दिसली? आणि हें सारें घडलें असतें, तर पुढें हिरा पर्वतावरील प्रथम साक्षात्काराच्या वेळीं पैगंबर भयभीत कां झाले? श्रद्धावान् मुसलमानाची ही चिकित्सा आमच्याकडील बखरींच्या अभिमान्यांनीं अवश्य वाचावी.

आतां ख्रिस्ती पक्ष. आठव्या शतकांतील दमास्कसचा योहान एका एरियसपंथी साधूशीं झालेल्या संभाषणाचा केवळ उल्लेख करितो. नांव देत नाहीं. सर्गिस-बहीराची सविस्तर सुरयानी कथा नवव्या शतकांतील. तींत हा साधु स्वतःच धर्मग्रंथ रचून शिकविणारा आहे. ग्रंथ गाईच्या शिंगावर ठेवून लोकांपुढें आणिला, म्हणून कुराणांत ‘गाय’ नांवाचा अध्याय, अशी व्युत्पत्तीही तेथें आहे! ही स्वतंत्र माहिती नव्हे. प्रतिपक्षाचा साक्षीदार उचलून त्याच्या तोंडीं उलट जबानी घातली आहे. प्रतिध्वनीस दुसरा आवाज म्हणतां येत नाहीं.

नांवाचेंही तसेंच. सुरयानींत ‘भीरा’ म्हणजे कसोटीस उतरलेला. साधूंस तें विशेषण लावीत. बुस्रा येथें इ. स. ५१२-१३ मधील सर्गिसादि हुतात्म्यांच्या नांवाचें मोठें चर्च होतें, हें खरें. पण त्यावरून तेथें साधु होते एवढेंच ठरतें, अमुक साधु अमुक मुलास भेटला हें नव्हे.

बार्बरा रोगेमा यांनीं इ. स. २००९ मध्यें या ख्रिस्ती कथेचे दोन सुरयानी व दोन अरबी पाठ एकत्र छापले आहेत. ते पाहिल्यावांचून ‘उभयपक्षीं मान्य’ हे शब्द यापुढें कोणीं योजूं नयेत.