सॉर्टिंग ऐकलं खरं, पण कळलं का?

टिमो बिंगमन यांचा 15 सॉर्टिंग अल्गोरिदमचा 2013 मधला व्हिडिओ तुम्ही बहुधा पाहिलाच असेल. उलटसुलट उभ्या पट्ट्या हळूहळू क्रमाने लागतात, आणि ज्या संख्यांची तुलना चालू असेल त्यांचे स्वर वाजतात. संख्या मोठी तर स्वर उंच. नियम एवढाच.

आता एकदा डोळे मिटून फक्त मर्ज सॉर्ट ऐका. छोट्या चढत्या ओळी, मग त्या जोडून झालेली एक लांब ओळ, पुन्हा छोट्या, पुन्हा लांब. रिकर्जन अक्षरशः कानावर पडतं. हे यश मी नाकारत नाही. कल्पनाही जुनीच आहे: मार्क ब्राउन आणि जॉन हर्शबर्गर यांनी 1992 मध्येच अल्गोरिदमच्या अ‍ॅनिमेशनमध्ये रंग आणि ध्वनी कसे वापरता येतील यावर पेपर लिहिला होता.

पण गोची पुढे आहे. या व्हिडिओत प्रत्येक अल्गोरिदमला दोन पायऱ्यांमधला विलंब वेगळा दिलाय. तो पडद्यावर लिहिलेला असतो, पण तो कानाला कसा कळणार? त्यामुळे 'हा पटकन संपला, म्हणजे हा वेगवान' असा निष्कर्ष तुम्ही काढलात, तर तो चुकू शकतो. शेवटी सरसर चढत जाणारा तो सुखद स्वरही सॉर्टिंगचा भाग नाही. यादी नीट लागली का, याची ती तपासणी आहे. म्हणजे सगळ्यात लक्षात राहणारा आवाज अल्गोरिदमचा नाहीच!

हंडहाउझन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी 2002 मध्ये अल्गोरिदमच्या दृश्य सादरीकरणावरचे 24 प्रयोग तपासले. निष्कर्ष असा, की विद्यार्थ्यांना काय दाखवलं यापेक्षा त्यांनी त्याचं काय केलं, हे जास्त महत्त्वाचं. ते प्रयोग चित्रांबद्दल होते. पण आवाजाला यातून सूट मिळावी असं कारण मला तरी दिसत नाही.

म्हणून संशोधनाच्या प्रस्तावात 'ध्वनी' हा शब्द लिहिण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर लिहा: चित्रातून किंवा तक्त्यातून न कळणारं असं काय आवाजातून कळेल? मग ते तपासा. मुद्दाम एक चूक घातलेला कोड घ्या. एका गटाला फक्त आवाज द्या, दुसऱ्याला फक्त चित्र, आणि चूक कुठे आहे ते विचारा. 'आवडलं का?' असा फॉर्म भरून घेतलात, तर आवडलं की नाही तेवढंच कळेल.