बांगड्यांचा आहेर

आमच्याकडं उसाचं बिल थकलं, डीपी जळाली, नाहीतर पाटाला पाणी सुटलं नाही, की मोर्चा निघतो. निघालाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या कार्यक्रमाबद्दल. पुढारी पिशवीतनं हिरव्या बांगड्या काढतो, साहेबाच्या टेबलावर ठेवतो, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, 'अधिकाऱ्यांना बांगड्यांचा आहेर'. बांगड्या म्हणजे नामर्दपणा, हे शाळेत शिकवल्यागत सगळ्यांना पाठ.

आता बांगड्या घातलेला हात काय काय करतो ते बघा. भांगलण तो करतो, भाताची लावण तो करतो, कापूस तो वेचतो, म्हशीची धार तो काढतो. ऊसतोडीच्या टोळीत नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढते. तरी मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसं दोन, शब्द एक, आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. शब्दातनं बाई पुसली की हिशोबातनंही पुसली जाते. म्हणून शब्द ही मला किरकोळ गोष्ट वाटत नाही.

आपल्या बोलण्यात दोन मापं आहेत. बायको वारलेला माणूस पुन्हा बोहल्यावर चढला की 'बिजवर'. त्याच्या दुसऱ्या लग्नाची सोय भाषेनंच करून ठेवलीय. नवरा वारलेली मात्र 'पांढऱ्या पायाची'. मूल झालं नाही तर ती 'वांझोटी'. दोष नवऱ्यात असला तरी त्याला हिणवायला गावात असा शब्द नाही. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव 'नकुशी'. ते नाव घेऊन तिनं शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायचं.

एकदा मोर्च्याच्या तयारीच्या बैठकीत मी म्हटलं, या खेपेला बांगड्या नकोत. एक पोरगा हसला. "आवं तात्या, बोलायची रीत हाय ती. कोण मनावर घेतंय?" दुसरा म्हणाला, "बायकाच म्हणत्यात की एकमेकींना. तुमालाच का झोंबतंय?" तिसऱ्यानं निकालच लावला, "तात्या बायकांच्या पार्टीत गेलं!" सगळे हसले आणि बांगड्या पिशवीत गेल्याच.

या तिन्ही बोलण्यांना उत्तर द्यायला पाहिजे. कोण मनावर घेतंय म्हणता, तर आपणच घेतो. शहरातला माणूस 'गावंढळ' म्हणाला, 'अडाणी' म्हणाला, सिनेमात शेतकरी बावळट दाखवला, की आपलं रक्त तापतं. तिथं आपण म्हणत नाही, जाऊ दे, बोलायची रीत आहे. शब्द टोचतो हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

बायका म्हणतात हे खरं. पण ज्या घरात वाढल्या तिथलंच बोलणं त्यांच्या तोंडी येणार. सावकाराच्या वहीवर अंगठा कर्जदाराचाच असायचा, म्हणून काय वही खरी ठरली?

राहिलं बायकांच्या पार्टीचं. ताराबाई शिंद्यांनी बुलढाण्यातनं १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. एवढ्या वर्षांत त्याचं उत्तर देण्यापेक्षा विचारणाऱ्याची थट्टा करणं आपल्याला सोपं पडलं. थट्टा झाली की विषय मोडतो.

कुणी म्हणेल, गावची भाषा रांगडी, ती बुळबुळीत करू नका. मीही गावचाच आहे. रांगडेपणाला बाई लागत नाही. काम न करणाऱ्याला 'अंगचोर' म्हणा, भिणाऱ्याला 'भित्रा' म्हणा, शब्द फिरवणाऱ्याला 'दुतोंड्या' म्हणा. हे शब्द नेमके लागतात, आणि ज्याचा दोष त्यालाच लागतात. बांगड्या दाखवल्या की साहेब हसून दुसरीकडं बघतो. लागतं ते मोर्च्यात मागं उन्हात बसलेल्या आयाबायांना. बिल त्यांच्याही घामाचं थकलेलं असतं.

बदल होत नाही असंही नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेनं नकुशी नावाच्या मुली शोधून काढल्या आणि कार्यक्रम घेऊन त्यांना नवी नावं दिली. जन्मापासनं चिकटलेलं नाव बदलता आलं, तर एक टोमणा टाकून द्यायला कितीसा वेळ लागतो?

त्याला सरकारी आदेश नको. पारावर, डेअरीवर कुणी असं बोललं की एकानं तरी हसायचं नाही. आणि साहेबाच्या टेबलावर ठेवायचंच असेल, तर उसाच्या वजनाच्या पावत्या ठेवा. किती टन घातला आणि किती महिने झाले, एवढं मोठ्यानं वाचा. लाज असेल त्याला तेवढंच पुरतं.